समाचाराला जाताना

आजाऱ्याला भेटायला जायचं ठरलं की पहिला फोन आजाऱ्याला करू नका. त्याच्या उशाशी जी कुणी बसलेली असेल, बायको, सून, बहीण, तिला करा. आजारी माणूस "या की, कधीही या" असंच म्हणणार. त्याचा दुपारी कुठे जरा डोळा लागतो, संध्याकाळी ताप चढतो, सकाळी डॉक्टर येऊन जाईपर्यंत घरातलं कुणी चहासुद्धा घेतलेला नसतो, हे सगळं तिला ठाऊक असतं. तिला विचारा, "कधी आलं तर तुमची अडचण होणार नाही?" ती आज नको म्हणाली तर आज नको. त्यात रुसण्यासारखं काही नाही.

मी नर्स होते. शिकले मिरजेला, वॉनलेस हॉस्पिटलात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते मिशनचं हॉस्पिटल. पुढची सगळी नोकरी नगरला झाली. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय.) निवृत्त झाले आणि आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, बायकांनी घरभेटींचं काम माझ्या गळ्यात घातलं. नोकरीत असताना भेटायला येणारे लोक वॉर्डातून बघितले, आता मीच पिशवी घेऊन जाते. तरुण मुली विचारतात, "काकू, जायचं तर आहे, पण तिथं जाऊन बोलायचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू हिशेब विचारतो तेव्हा आजारी होतो तेव्हा समाचाराला आलात, एवढंच म्हणतो. तिथं जाऊन काय बोललात, हे तो विचारत नाही.

दोघीजणी जा. पाचजणी गेल्या की त्यांची आपसातच सभा भरते आणि खाटेवरचा माणूस बघत बसतो. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. केमो चालू असलेल्या माणसाकडे तर नाहीच नाही, त्याची प्रतिकारशक्ती तळाला गेलेली असते आणि तुमचा साधा खोकला त्याला परत ॲडमिट करू शकतो. अत्तर, वासाचा पावडर, मोगऱ्याचा गजरा घरी ठेवा. मळमळणाऱ्या माणसाला मोगरासुद्धा सोसत नाही. आत शिरताना हात धुवा, निघताना परत धुवा.

न्यायचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि सगळे शहाळं नेतात. किडनीच्या पेशंटला शहाळ्याचं पाणी घातक असतं, केळं-संत्रंही बेतानंच. त्यातलं पोटॅशियम त्याच्या किडन्या बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. साखरेच्या पेशंटला चिकूची पिशवी दिली की ती सोबतच्यांना लपवत बसावी लागते. पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगेपर्यंत तोंडानं काही द्यायचंच नसतं. म्हणून पेशंटसाठी काही नेऊ नका, सोबत बसलेल्या बाईसाठी न्या. चार्जर, तोही लांब वायरचा, कारण वॉर्डातला प्लग कधीच खाटेजवळ नसतो. झाकणाचा ग्लास. रात्री अंगावर घ्यायला चादर. दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, जी दिवसभर टिकते आणि उभ्या उभ्या खाता येते. सगळ्यांत मोठी भेट म्हणजे दोन तास. "मी इथं बसते, तू घरी जा, आंघोळ कर, जरा पाठ टेक." ती आधी नको म्हणेल. तिसऱ्यांदा म्हटल्यावर उठेल. जाण्याआधी तिच्याकडून गोळ्यांची वेळ आणि सलाईन संपत आलं की कुणाला हाक मारायची ते विचारून घ्या.

डबा नेणार असाल तर स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला चांगला डबा नेऊ नका. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो. मग ती बिचारी नवरा आयसीयूत असताना विचार करत बसते की ह्यांच्या डब्यात घालू काय. आइस्क्रीमचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा न्या आणि सांगा, टाकून दिलास तरी चालेल.

आता खाटेजवळ. खुर्ची ओढून बसा, नजर त्याच्या नजरेला येईल अशी. उभं राहिलात तर त्याला मान वर करून बघावं लागतं, आणि तुम्ही निघायच्या घाईत आहात असंही वाटतं. खाटेवर मात्र टेकू नका. टाक्यांना हिसका बसतो, कॅथेटरची नळी दबते. सुई लावलेला हात धरू नका, दुसरा धरा. म्हाताऱ्या माणसाला "ओळखलं का मला?" असं कधी, कधी विचारू नका. ज्याची आठवण ढळत चाललीय त्याच्यासाठी ती परीक्षा असते, आणि तो नापास होतोय हे त्याला कळतं. आपणच सांगावं, "सलाम आजी, मी शाळेमागच्या गल्लीतली, तुमच्या थोरलीच्या वर्गातली." मग त्या म्हणतात, "ओळखलं की!" ओळखलेलं असो नसो, मान राहतो.

दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. त्या वेळात करू नयेत अशा गोष्टी मी वॉर्डात रोज ऐकायचे. आमच्या मामेसासऱ्यांना हेच झालं होतं आणि मग काय झालं, ती गोष्ट सांगू नये. रिपोर्ट मागून उजेडात धरून बघू नये. पपईच्या पानांचा रस, अमक्या गावचा वैद्य सुचवू नये. आणि आम्हा ख्रिस्ती लोकांची खास खोड म्हणजे "देवाची काहीतरी योजना असेल." असेलही. ती तुम्हाला कळलीय असा आव आणू नका. बायबलातला ईयोब, मुलंबाळं गेली, अंगभर फोड आले, त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी शब्द काढला नाही. तोवर ते उत्तम मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. पापाचं फळ, देवाचा न्याय, असले तुकडे त्यांनी पुढं अध्यायच्या अध्याय त्याच्या तोंडावर फेकले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

प्रार्थना करायची का? विचारून. "प्रार्थना करू का?" म्हणा आणि उत्तराची वाट बघा. नको म्हणाले तर घरी येऊन करा, देवाला अंतर पडत नाही. हो म्हणाले तर आणखी एक विचारा, "काय मागू?" हा प्रश्न माझ्या अनुभवात सगळ्यांत कामाचा. मांडीचं हाड मोडून पडलेल्या एका आजींना मी असं विचारलं. मला वाटलं, पाय बरा होऊ दे म्हणतील. त्या म्हणाल्या, "शेळी विऊ दे नीट. सुनेला जमायचं नाही." म्हणून आम्ही शेळीसाठी प्रार्थना केली, मी, त्या आणि शेजारच्या खाटेवरची एक मुसलमान बाई, जी मध्येच म्हणाली, "पहिलटकरीण आहे का?" आजी हसल्या आणि हसताना पाय दुखला म्हणून कळवळल्या. विचारलं नसतं तर मी पायासाठी पाच मिनिटं मोठ्या शब्दांत बोलले असते आणि आजींचं मन गोठ्यातच राहिलं असतं.

आवाज लहान ठेवा. वॉर्डात तीस माणसं असतात, त्यांतल्या कुणालाही आपली उपासना ऐकायची सक्ती नको. प्रार्थनेत आजाराचं नाव घेऊ नका, "हिच्या गर्भाशयाच्या गाठीला प्रभू स्पर्श कर" म्हटलं की ते पलीकडच्या खाटेपर्यंत पोहोचलं. शास्त्रपाठ थोडका. तेविसावं स्तोत्र जुन्या माणसांना पाठ असतं, तुम्ही "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हणालात की पुढचं त्यांच्याच तोंडून येतं. पुस्तक उघडायची गरज पडत नाही. नाव-गाव विसरलेल्या माणसालाही लहानपणी गायलेलं गीत आठवतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. आमच्या भागात तर रेव्हरंड टिळकांची पदं आणि भजनं घराघरात आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नगरला राहून आपल्या मातीतल्या, अभंग-ओवीच्या चालीवर ख्रिस्ती गीतं रचली. म्हणूनच ती ओठांवर राहिली. हळू आवाजात एक कडवं धरा आणि थांबा. पुढचं कडवं खाटेवरून येईल.

बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात भेटीगाठींविषयी जे आहे ते आम्ही उपासनेत फारसं वाचत नाही, वाचायला पाहिजे. शेजाऱ्याच्या घरी फार पाऊल टाकू नकोस, तो कंटाळेल. दुःखी माणसापुढं गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात अंगावरचं पांघरूण काढून घेणं. आणि पहाटे उठून मोठ्या आवाजात मित्राला आशीर्वाद देणारा, त्याचा तो आशीर्वाद शापच समजला जाईल. शेवटचं वाक्य वाचलं की मला पहाटे पाचला फुलांच्या चित्रावर वचन पाठवणारे व्हॉट्सॲप ग्रुपच आठवतात.

मयताचं घर वेगळं. तिथं विचारत बसू नये, जावं. पहिल्या दिवशी खुर्च्या, पिण्याचं पाणी, चपलांची वाट मोकळी ठेवणं, परगावच्या नातेवाइकांना फोन, दफनभूमीत खड्ड्याचं सांगणं, पेटीचं बघणं, पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, वेळ कळवणं. घरच्यांच्या हाताला ह्यातलं एकही लागू देऊ नका. तोंडानं एवढंच म्हणावं, "फार वाईट झालं," आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. लोक नाव टाळतात, वाटतं की नावानं रडू फुटेल. फुटू दे की.

बायबलातल्या बेथानी गावच्या दोन बहिणींचं बघा. त्यांचा भाऊ लाजर जाऊन चार दिवस झालेत. मार्था पुढं जाऊन येशूला म्हणते, प्रभू, आपण इथं असता तर माझा भाऊ मरता ना. थोड्या वेळानं मरीया येते आणि अगदी तेच म्हणते. मार्थेशी तो बोलतो, पुनरुत्थानाचं सांगतो, तिला विश्वासाचा प्रश्न करतो. मरीयेला तो एक शब्दही समजावत नाही. कुठे ठेवलंय त्याला, असं लोकांना विचारतो आणि रडतो. भाऊ तोच, वाक्यही तेच, पण एकीला बोलणं हवं होतं आणि दुसरीला सोबत रडणारा. एकाच घरात सून मार्था असते आणि मुलगी मरीया. घरात शिरल्यावर पहिली दोन मिनिटं गप्प राहून कोण कोणती आहे ते बघायचं. सांत्वनाला जाणाऱ्याला हे एवढं आलं तरी पुरे.

पण खरी गरज पुढं लागते. पहिले आठ दिवस घर भरलेलं असतं, पिठलं-भाकरीचे डबे एकावर एक येतात, शिळं होऊन फेकावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात दार वाजत नाही. तेव्हा जा. माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी मयताच्या दिवशीच पुढच्या तारखा लिहून ठेवते: महिना कधी होतो, त्यांच्या लग्नाचा वाढदिवस, गेलेल्याचा वाढदिवस आणि पहिला नाताळ. पहिला नाताळ फार जड. करंज्या करायच्या की नाही, तारा लावायचा की नाही, कॅरलवाल्या पोरांना दारात येऊ द्यायचं की नाही, ह्यावरून घरात भांडणं होतात. आदल्या आठवड्यात जाऊन विचारा, "यंदा काय करणार?" तिनं "काही नाही" म्हटलं तर आपल्या फराळातला वाटा पोचवा आणि २५ तारखेला चर्चला जाताना तिला घरून घेऊन जा. एकटीनं त्या दारातून आत शिरणं आणि त्याच बाकावर बसणं तिला जमत नाही.

आणि कागद! मायेचा निम्मा भाग कागदात आहे असं माझं ठाम मत झालंय. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या बऱ्याच प्रती काढून ठेवा, कारण बँक, विमा, पेन्शन, गॅस, सगळीकडे एकेक लागते. ज्या बाईनं उभ्या जन्मात बँकेची स्लिप भरली नाही, तिच्यासोबत काउंटरपर्यंत जा, पण फॉर्म तिलाच भरू द्या. तुम्ही फक्त बोट ठेवा, सही कुठे ते दाखवा. नोव्हेंबर महिन्यात म्हाताऱ्या पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. रांगा असतात, बोटाचे ठसे उमटत नाहीत, मशीन नाकारतं आणि माणूस अपमान झाल्यासारखा घरी येतो. मंडळीतल्या कॉलेजच्या पोरांना मी सांगते, नोव्हेंबरात एकेका आजोबांना धरा, रिक्षा करा, बँकेत न्या. युवक संघाच्या एका रात्रीच्या शिबिराइतकं ते नक्की मोलाचं आहे. (हे पोरांना पटत नाही.)

घरात एकटं राहणाऱ्यांकडे जाताना आपणच देणारे आणि ते घेणारे, असं होऊ देऊ नका. मी मेथीची जुडी घेऊन जाते आणि म्हणते, "निवडून द्या ना, माझी कंबर दुखते." कंबर दुखतेच, खोटं नाही. बोलता बोलता जुडी संपते, आजींना आपण कामाला आलो असं वाटतं आणि समोरासमोर बसून विषय शोधण्याचं संकटही टळतं. ज्यांना हातानं काही जमत नाही त्यांना दहावी-बारावीच्या पोरांची यादी द्या, रोज प्रार्थनेत धरायला. निकाल लागला की पेढा घेऊन पोरालाच पाठवा. घरी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतली भाकरी आणि द्राक्षरस) द्यायला पाळक येणार असतील तर आदल्या दिवशी कळवा, टेबलावर धुतलेलं पांढरं कापड घाला. गिळायला त्रास असेल तर भाकरीचा अगदी लहान तुकडा द्राक्षरसात भिजवून द्यायला पाळकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी ठसका लागतो आणि सगळे घाबरतात.

शेजारी दुसऱ्या धर्माचे असतील तर? आमच्या गल्लीत सगळेच आहेत. त्यांच्याकडे त्यांच्या रीतीनं जा. सुतक असेल तर बाहेरचं अन्न चालतं का, ते विचारा. चालत नसेल तर दुधाची पिशवी, पाण्याचा जार, पोरांना शाळेत सोडणं, हे कुणालाही चालतं. प्रार्थना त्यांनी मागितली तर करा. मागतात, खूपदा मागतात. पण खाटेवर पडलेल्या माणसाला पत्रक देऊ नका आणि बरा झालास तर चर्चला ये असा सौदा करू नका. त्याला उठून जाता येत नाही, अशा माणसापुढं प्रवचन करणं मला साफ नामंजूर आहे, आणि ह्यावर मी मंडळीतल्या दोघा-तिघांशी वाद घातलेला आहे.

ज्याच्याशी अबोला आहे तोच आजारी पडला तर मात्र अवघड असतं. वेदीजवळ अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय, पण तो ऑक्सिजनवर असताना जाऊन जमिनीच्या वाटणीचा विषय काढ असं नाही सांगितलेलं. आधी मधल्या माणसाकडून निरोप पाठवा, "येऊ का?" म्हणून. हो आलं तर जा, आणि एकच वाक्य बोला, "मला तुझी आठवण येत होती." कोण चुकलं, किती चुकलं, ते बरा झाल्यावर. उत्तर नाही आलं आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं, तर पाच मिनिटं बसून उठा. त्याच्या बायकोला फोन नंबर देऊन या.

घरात जे पाहिलं ते घरातच राहू द्या. आमच्याकडे चुगलीला एक पवित्र दार आहे, त्याला "प्रार्थनेचा विषय" म्हणतात. "बहिणींनो, अमक्या घरासाठी विशेष प्रार्थना करा, सून विचारत नाही, मुलगा पितो..." चर्चच्या पायऱ्यांवर रविवारी अकरा वाजता हे ऐकू येतं. मी नवीन मुलींना बजावते की त्या घरच्या माणसानं "हे मंडळीत सांगा" असं स्वतः म्हटल्याशिवाय नावही काढायचं नाही. एकदा बाहेर गेलं की ते घर पुढच्या वेळी दार उघडत नाही, आणि का उघडावं?

हे सगळं आपल्या झेपेल इतकंच करा. आठवड्याला दोन घरं नेमानं झाली तरी खूप, दहा घरं एकदा करून महिनाभर गायब होण्यापेक्षा बरं. आणि आपण पडलो, पडणारच कधीतरी, तर लोकांना येऊ द्या. नर्सा ह्यात सगळ्यांत वाईट, आम्हाला वाटतं आमचं आम्ही बघू. "काही लागलं तर सांगा" असं कुणी म्हणालं की "नाही, सगळं आहे" म्हणू नका. येताना अर्धा लिटर दूध आणि बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी आण, असं स्वच्छ सांगा, आणि पैसे किती झाले तेही विचारा.